घरच्या लोशनच्या लेबलवर प्रिझर्वेटिव्हचं नाव टाकायचं का? दुकानदार ‘केमिकल फ्री’ छापा म्हणायलाय

सेलूची सून
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमचा बायकांचा बचत गट आहे, परभणी जिल्हा. पापड, कुरडया, उटणं करता करता आता कोरफडीचं लोशन करायलोत. करडई घरच्या रानातली, तेल घाण्यावरून काढून आणतो, कोरफड बांधावरची. प्रदर्शनात बऱ्यापैकी खपलं. आता संभाजीनगरचा एक दुकानदार मोठी ऑर्डर देतो म्हणायलाय पण त्याची अट अशी की लेबलवर ठळक अक्षरात ‘केमिकल फ्री, प्रिझर्वेटिव्ह फ्री’ छापायचं आणि घटकांमध्ये तीनच नावं टाकायची, कोरफड, गुलाबजल, करडई तेल. बाकीचं वाचून गिऱ्हाईक बिचकतं म्हणे.

आता बाकीचं म्हणजे काय तर तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफाइंग वॅक्स आहे, ग्लिसरीन आहे, आणि सरबतात टाकतात ते सोडियम बेंझोएट चिमूटभर टाकतो. माझ्या जाऊबाईचं म्हणणं असं की बेंझोएट टाकायचंच बंद करू, म्हणजे लेबलवर खोटं लिहायची वेळच येणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं पण माझं मन घेईना. काय करावं?

मी गंगाखेडचा
जाऊबाई वकील व्हायला पाहिजे होत्या.

आजीबाईचा बटवा
ताई, जाऊबाई बरोबरच बोलायल्यात. आपल्या आज्या-पणज्यांनी कुठं प्रिझर्वेटिव्ह वापरले होते? त्यांची कातडी बघा आणि आपली बघा. लोणचं वर्षभर टिकतं का नाही बिनकेमिकलचं? तुम्ही व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून टाका, टी ट्री ऑइलचे थेंब टाका, अन् जास्तीच भीती वाटत असेल तर ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट ऑनलाइन मिळतं ते टाका, नॅचरल आहे. ते पॅराबेन-बिराबेन प्रिझर्वेटिव्ह तर जवळ करूच नका, कॅन्सर होतो त्यानं, सगळीकडं छापून आलंय.

औषधवाला नांदेड
मी बी.फार्म., वाळूजला क्रीम-लोशनच्या प्लँटवर क्वालिटीत होतो, आता गावाकडं मेडिकल टाकलंय. जाऊबाईंच्या सल्ल्यानं लेबल खरं होईल आणि बाटलीतला माल घातक होईल. कसं ते सांगतो.

आज्यांचं म्हणाल तर आजीनं लोशन केलंच नव्हतं हो. आजी उटणं करायची, ते कोरडं. तेल लावायची, त्यात पाण्याचा थेंब नाही. साय लावली तर तेवढ्यापुरती, उरली तर मांजराला. पाणी आणि तेल एकत्र घोटायचं, बाटलीत भरायचं आणि चार महिने बाथरूमच्या खिडकीत ठेवायचं हा प्रकारच आजीच्या घरी नव्हता. आणि लोणच्यात मीठ किती पडतं ते कोणत्याही बाईला विचारा, ते मीठ आणि आंबटपणा हेच तिथलं प्रिझर्वेटिव्ह. लोशनमध्ये तेवढं मीठ टाकून बघा, पाणी वेगळं आणि तेल वेगळं होऊन बसेल.

जिथं पाणी तिथं जंतू, एवढं पक्कं डोक्यात ठेवा. पाणी म्हणजे नळाचंच असं नाही, कोरफडीचा गर पाणीच आहे, गुलाबजल पाणीच, दूध, दही, काकडीचा रस सगळं पाणीच. उलट कोरफडीच्या गरात साखरेच्या जातीचे पदार्थ असतात, जंतूंना आयतं जेवण. तुम्ही उकळलं तरी उकळण्यानं तेव्हाचे मरतात, नंतर झाकण उघडलं, बोट घातलं, की नवे आत. प्रिझर्वेटिव्हचं काम ते नंतरचं आहे.

व्हिटॅमिन ईनं तेल खवट व्हायचं लांबतं, जंतूंना त्याचं काही सोयरसुतक नाही. टी ट्री ऑइलचं म्हणाल तर जंतू मरतील इतकं टाकलं तर अंगाला चुरचुरेल आणि चुरचुरणार नाही इतकं टाकलं तर जंतू मरणार नाहीत. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टची तर गंमतच आहे, बाजारातले नमुने लॅबमध्ये तपासले तेव्हा ज्या नमुन्यांनी जंतू मारले त्यांत बेंझेथोनियम क्लोराइड, ट्रायक्लोसान, मिथाइल पॅराबेन असली सिंथेटिक प्रिझर्वेटिव्हं निघाली, आणि ज्यांत ती नव्हती त्यांनी काही मारलंच नाही. म्हणजे ज्याला घाबरून तुम्ही तिकडं गेलात तेच बाटलीत, फक्त नाव न सांगता.

बेंझोएटचं वेगळं सांगतो, त्याला वेळ लागेल. आधी सेलूच्या ताई मला एवढं सांगा, लोशनचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) किती आहे? आणि पूर्ण मापं द्या, ग्रॅममध्ये द्या, वाटी-चमचा नको.

सेलूची सून
सर, पीएच कधी मोजला नाही. मापं अशी, एका घाण्याला अर्धा किलो निघतं. डिस्टिल्ड वॉटर २५० ग्रॅम, गुलाबजल १०० (कॅनमधलं विकतचं), करडई तेल ६०, कोरफडीचा गर ५० ताजा काढून मिक्सरमधून, इमल्सिफाइंग वॅक्स २५, ग्लिसरीन १५. बेंझोएट चिमूटभर, ते मापून नाही टाकत.

डिस्टिल्ड वॉटर म्हणजे गाडीच्या बॅटरीत टाकतात ते, दुकानात तेच मिळतं. चालतं ना?

औषधवाला नांदेड
नाही चालत. बॅटरीचं पाणी क्षार काढलेलं असतं, पण ते अंगाला लावायच्या दर्जाचं म्हणून कुणी बनवत नाही आणि जंतूंची हमी त्यात अजिबात नाही, कॅन किती दिवस ऊन खात दुकानाबाहेर पडलाय देव जाणे. लॅब केमिकल विकणाऱ्याकडून घ्या. बोअरचं पाणी तर नकोच, आपल्याकडच्या बोअरच्या क्षारांनी केटलीचं काय होतं ते बघताच तुम्ही.

उदगीरकर मास्तर
पीएचसाठी सोपं सांगतो, जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत पीएच पेपरचं पुस्तक असतंय, विज्ञानाच्या सरांना मागा, एक पट्टी कुणी नाही म्हणत नाही. लोशन घट्ट असतं म्हणून थोडं लोशन नऊपट डिस्टिल्ड पाण्यात हलवून मग पट्टी बुडवा, तसंच लावलं तर रंग नीट वाचता येत नाही.

मी गंगाखेडचा
सर पट्टी देतील पण मग एक बाटली सरांच्या घरी पोचवावी लागंल.

लेकीची आई, लातूर
मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही पण लेबलचं एक बोलू द्या. माझ्या लेकीला सुगंधाची अॅलर्जी आहे. आठवीत असताना मानेवर, कोपरांच्या खोबणीत असं लालभडक होऊन खाजायचं, पोरगी रात्र रात्र खाजवायची, चादरीला रक्ताचे ठिपके. आम्ही काय करावं, जे जे ‘नॅचरल’ ते ते आणून लावलं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, छोट्या छोट्या वाट्यांमध्ये वेगवेगळे पदार्थ भरून पाठीला चिकटवतात, दोन दिवस आंघोळ नाही, घाम आणायचा नाही (एप्रिलमध्ये! लातुरात!), मग काढून बघतात आणि चौथ्या दिवशी परत बघतात. सुगंधाच्या मिश्रणाच्या खाली पाठ फुगून आली होती. डॉक्टर म्हणाले आता तुमचं औषध म्हणजे लेबल वाचणं.

तेव्हापासून मी दुकानात चष्मा लावून बारीक अक्षरं वाचते आणि ज्या बाटलीवर तीनच सुंदर सुंदर नावं असतात ती परत ठेवते, कारण मला माहिताय की तीन गोष्टींचं पांढरंशुभ्र लोशन होत नाही. तुमचा दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक बिचकतं. माझ्यासारखं गिऱ्हाईक लपवल्यावर बिचकतं.

आजीबाईचा बटवा
ताई, लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण ती अॅलर्जी कृत्रिम सेंटची असणार ना? खऱ्या गुलाबाची कशी होईल?

लेकीची आई, लातूर
होते. डॉक्टरांनी जी यादी दिली त्यात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनालूल असली नावं आहेत आणि ती खऱ्या गुलाबाच्या तेलातच असतात, लव्हेंडरमध्ये, लिंबाच्या तेलात असतात. युरोपात म्हणे अशी नावं ठराविक प्रमाणाच्या वर असली तर वेगळी छापावीच लागतात, आपल्याकडं ‘परफ्यूम’ एवढं लिहून मोकळे होतात.

लेबलवाली ताई
मी संभाजीनगर, चिकलठाण्याला छोटं युनिट आहे आमचं, लायसन्सवालं. नियमाचं कोणी बोलायलं नाही म्हणून लिहिते.

सेलूच्या ताई, रागावू नका पण लेबलवर काय छापायचं याच्या आधीचा प्रश्न आहे की विकायचं तर सौंदर्यप्रसाधनाचं उत्पादन लायसन्स लागतं. लोशन घरी करा नाहीतर कारखान्यात करा, बचत गट असो नाहीतर कंपनी, कायदा एकच, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स. आपल्या राज्यात लायसन्स एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन देतं. राहत्या घरापासून वेगळी जागा पाहिजे आणि देखरेखीला पात्र माणूस पाहिजे, पण त्याला घाबरू नका, फार्मसीचा डिप्लोमाच पाहिजे असं नाही, बारावीला केमिस्ट्री झालेली व्यक्ती चालते. गटातल्या कुणाची सून बारावी सायन्स असेलच की. नाहीतर दुसरा रस्ता लोन लायसन्सचा, म्हणजे ज्याच्याकडं लायसन्सचं युनिट आहे त्याच्या जागेत तुमचा माल करून घ्यायचा, लायसन्स तुमच्या नावानं. सुरुवातीला मला तो रस्ता बरा वाटतो, स्वतःचं शेड टाकून कर्जात जाण्यापेक्षा.

आता लेबल. नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, किती तारखेच्या आत वापरायचं, आणि घटक. घटकांची यादी जे जास्त ते आधी अशा उतरत्या क्रमानं, एक टक्का किंवा त्याच्या आतले असतील ते शेवटी कसेही. वजनमापाच्या नियमानं एमआरपी, निव्वळ वजन, तक्रारीसाठी फोन हे वेगळंच. त्यात कुठंही ‘गिऱ्हाईक बिचकतं ती नावं वगळावीत’ असं कलम नाही.

मी गंगाखेडचा
माझ्या मित्राचा फेसवॉशचा धंदा आहे, तो म्हणायलाय की छोट्या बाटलीला घटक छापायची गरजच नसते. मग ताईंनी छोट्या बाटल्या केल्या की मिटलं.

लेबलवाली ताई
अर्धं खरं आहे. पातळ माल ६० मिलीच्या आत आणि घट्ट किंवा अर्धघट्ट ३० ग्रॅमच्या आत असेल तर घटकांची यादी नसली तरी चालते. मग लोशन पातळ का अर्धघट्ट यावर इन्स्पेक्टरशी वाद घालत बसा. बाकी लायसन्स नंबर, तारीख वगैरे तरीही लागतंच. आणि सूट न छापायची आहे, चुकीचं छापायची नाही. यादी न देणं वेगळं आणि सातातली तीन नावं देऊन हेच सगळं घटक म्हणणं वेगळं.

औषधवाला नांदेड
हे ताईंनी नेमकं सांगितलं. मला एक भर घालायची आहे, लहान बाटलीची सूट जागा नसते म्हणून आहे, लपवाछपवीसाठी नाही. ५० मिलीच्या बाटलीवरही सहा-सात नावं सहज बसतात.

सेलूची सून
सगळ्यांचे आभार. लायसन्सचं माहीत नव्हतं असं नाही, प्रशिक्षणात एकानं सांगितलं होतं की प्रदर्शनापुरतं चालतंय, आम्ही तेच धरून बसलो. ऑर्डर आता तशीही थांबवते. लोन लायसन्सचं गटाच्या बैठकीत मांडते.

पीएच मोजून आणला. मास्तरांनी सांगितलं तसंच पातळ करून. पट्टी साडेसहाच्या रंगाला लागली. सर आता बेंझोएटचं सांगा.

औषधवाला नांदेड
साडेसहा. मग तुमचं बेंझोएट आतापर्यंत नुसतं बसून होतं.

समजून घ्या. सोडियम बेंझोएट पाण्यात विरघळलं की त्याचा काही भाग बेंझोइक अॅसिडच्या रूपात राहतो आणि जंतूच्या आत शिरून काम करतो तो फक्त हाच भाग. हा भाग किती ते पीएच ठरवतो. ४.२ ला अर्धा-अर्धा. लिंबाच्या सरबताचा पीएच धरा ३ च्या आसपास, तिथं नव्वद टक्क्यांच्या वर कामाचा. म्हणून सरबतात चिमूटभरही भागतं. पाचच्या वर गेलात की झपाट्यानं उतरतं, आणि साडेसहाला कामाचा भाग राहतो साधारण अर्धा टक्का. म्हणजे समजा तुम्ही मोजून एक ग्रॅम टाकलं असतं तर त्यातलं पाच मिलिग्रॅम कामाला लागलं असतं, बाकी पगार घेऊन घरी.

दोन रस्ते आहेत. एक, लॅक्टिक अॅसिडनं पीएच साडेचारपर्यंत खाली आणायचा आणि बेंझोएटसोबत पोटॅशियम सॉर्बेट हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह जोडायचं. कातडीचाही पीएच पाचच्या जवळपास असतो त्यामुळं ते काही वाईट नाही, पण दर घाण्याला पीएच मोजावा लागेल, बायका बदलल्या की चूक होते, आणि साडेचारलाही बेंझोएट एक तृतीयांशच जागं असतं. दुसरा रस्ता, फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार प्रिझर्वेटिव्ह मिश्रण मिळतं ते घ्यायचं. त्याला पीएचचा फारसा हट्ट नाही. नुसतं फिनॉक्सिइथेनॉल बुरशीवर जरा ढिलं पडतं म्हणून ती जोडी. फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादा १ टक्का आहे आणि या मिश्रणात ते साधारण नव्वद टक्के असतं, त्यामुळं मिश्रण १ टक्का घातलं तरी तुम्ही मर्यादेच्या आत राहता. तुमच्या अर्धा किलोला ५ ग्रॅम. तेवढं डिस्टिल्ड वॉटर कमी करा, २५० चं २४५.

मोजायला सोनारकामाचा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, महाग नसतो. थेंब मोजायचे नाहीत, ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. पाण्याचं भांडं आणि तेल-वॅक्सचं भांडं दोन्ही ७० ते ७५ अंशाला आणून एकत्र घोटायचं, घोटत घोटत ४० च्या खाली आलं की मग प्रिझर्वेटिव्ह, आणि मग परत नीट हलवायचं, वरवर ढवळलं तर एका बाटलीत जास्त आणि एकीत काहीच नाही असं होतं.

ताजी कोरफड मिक्सरमधून काढून घालणं बंद करा असं मी म्हणेन. बांधावरच्या पानाला मातीतले जंतू लागलेले असतात आणि ते बीजाणू स्वरूपात, म्हणजे टणक कवचात झोपलेले असले तर ७५ अंशालाही मरत नाहीत. प्रिझर्वेटिव्ह किती घातलं यापेक्षा सुरुवातीला जंतू किती होते यावर अर्धा खेळ असतो. वाळवलेली कोरफड पावडर मिळते, २०० पट तीव्र म्हणून विकतात, एक ग्रॅम पावडर १९९ ग्रॅम पाण्यात. घरची कोरफड गेली म्हणून जीव तुटेल, माहिताय.

आजीबाईचा बटवा
आणि हळद? आमच्याकडं वसमतची हळद मिळते, जीआय टॅगवाली. ती तर जंतुनाशकच आहे. कोरफडीऐवजी हळद टाकली तर रंगही छान येईल.

औषधवाला नांदेड
वसमतच्या हळदीबद्दल आदर आहे, वरणात रोज खातो. पण कोणतीही मसाल्याची पूड उन्हात वाळलेली, पोत्यात भरलेली, तिच्यात बीजाणू खच्चून असतात. कोरड्या उटण्यात ते झोपून राहतात. पाण्यात टाकले की उठतात. उटण्यात हळद, लोशनमध्ये नको.

आणि पॅराबेनचं राहिलंच. २००४ साली इंग्लंडात स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं, तिथून हे सगळं सुरू झालं. निरोगी ऊतींशी त्यात तुलना नव्हती आणि पॅराबेनमुळं गाठ झाली असं त्या अभ्यासातही म्हटलेलं नाही. युरोपानं त्यानंतर पॅराबेनमधले काही प्रकार बंद केले, प्रोपिल आणि ब्यूटिलची मर्यादा उतरवली, मिथाइल आणि इथाइल ०.४ टक्क्यापर्यंत आजही चालतं. पण लोकांच्या भीतीपोटी कंपन्यांनी ‘पॅराबेन फ्री’ करायला मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं दुसरं आणलं आणि अॅलर्जीच्या इतक्या केसेस झाल्या की अंगावर ठेवायच्या मालात ते युरोपाला २०१७ पासून बंद करावं लागलं. आगीतून फुफाट्यात. लेकीच्या आईंनी ते नावही यादीत लिहून ठेवावं.

लेकीची आई, लातूर
लिहिलं. ते नाव आमच्या घरच्या एका बाटलीवर दिसलं पण ती हात धुवायच्या साबणाची आहे. धुऊन टाकायच्या वस्तूत चालतं का?

औषधवाला नांदेड
युरोपात अगदी थोड्या प्रमाणात चालतं. ज्याला आधीच अॅलर्जी आहे त्यानं तेही टाळावं. तुमच्या मुलीला त्याची आहे का ते पॅच टेस्टच्या कागदावर असेल.

सेलूची सून
सर एक प्रामाणिक प्रश्न. आमचं लोशन आतापर्यंत बिघडलेलं दिसलं नाही. वास नाही, बुरशी नाही, रंग तसाच. मग ते बेंझोएट काम करत नव्हतं तर टिकलं कसं?

औषधवाला नांदेड
दिसलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही. काळे-हिरवे ठिपके बुरशीचे, ते दिसतात आणि माणूस बाटली फेकून देतो, ते बरं. बॅक्टेरिया एका ग्रॅममध्ये लाखांनी असले तरी लोशन पांढरंशुभ्र आणि वासाला ठीक असू शकतं. स्यूडोमोनास नावाचा एक आहे तो नुसत्या ओलाव्यावर जगतो, क्रीम-लोशनमध्ये सापडणाऱ्या नेहमीच्या पाहुण्यांपैकी आहे. धडधाकट कातडीवर तो काही करत नाही. पण तुमचं लोशन लावणार कोण? ऊसतोडीला जाऊन आलेली बाई टाचांच्या भेगांना लावणार. शुगर असलेला म्हातारा पायाला लावणार. बाळाची आई लावणार. तिथं कातडी उघडी असते.

कंपनीत याची परीक्षा असते, चॅलेंज टेस्ट म्हणतात. लोशनमध्ये मुद्दाम स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, कॅन्डिडा आणि अॅस्परजिलस सोडतात आणि २८ दिवस ठराविक दिवसांनी मोजतात, संख्या कशी उतरते ते. एक फॉर्म्युला ठरला की एकदा तरी ती करून घ्या, खर्च आहे पण दर घाण्याला करायची नसते. दर घाण्याला साधी जंतूंची मोजणी आणि एक बाटली बॅच नंबर टाकून बाजूला ठेवायची, तक्रार आली की तीच उघडून बघायची.

उदगीरकर मास्तर
बाटल्यांचंही सांगा सर. आमच्या मंडळींनी एकदा असंच लोशन विकत घेतलं होतं, रुंद तोंडाच्या डबीत. त्यात बोट घालायचं, तेच बोट पायाला, परत डबीत.

औषधवाला नांदेड
डबी नकोच. पंपाची किंवा वरून दाबायची अरुंद तोंडाची बाटली. नवी. धुतलेल्या जुन्या बाटल्या कुणी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून सुचवेल, नाही म्हणा. भांडी, बीटर, बाटल्या ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण ते पटकन उडून जातं, ७० चं थोडा वेळ ओलं राहतं म्हणून जंतूंवर जास्त चालतं.

सेलूची सून
जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, इतकी उठाठेव करण्यापेक्षा पाणीच नको असलेलं काही करू. भेगांसाठी मेण आणि करडई तेलाचं मलम. त्यात प्रिझर्वेटिव्ह लागणार नाही ना? मग ‘प्रिझर्वेटिव्ह फ्री’ खरंच लिहिता येईल.

औषधवाला नांदेड
आता जाऊबाई बरोबर. पाणी नसेल तर जंतूंसाठी प्रिझर्वेटिव्ह लागत नाही. पण दोन गोष्टी. घाण्याच्या साध्या करडई तेलात लिनोलिक अॅसिड भरपूर असतं, त्यामुळं ते लवकर खवट होतं, आणि आपल्याकडचा मे महिना म्हणजे बघायलाच नको. तिथं व्हिटॅमिन ई टाका, तिथं त्याचं काम आहे (बटवावाल्या ताई खूश). आणि मधमाश्यांचं मेण साधारण ६२-६४ अंशाला वितळतं खरं, पण तेलात मिसळल्यावर मलम त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. टिनच्या घरात दुपारी ठेवून बघा, पाझरत असेल तर मेण वाढवा. लायसन्स मलमालाही लागतंच, ते सुटत नाही.

लेबलवाली ताई
आणि मलमावरही ‘केमिकल फ्री’ नका छापू. त्याला काही अर्थच नाही आणि कुणी विचारलं तर सिद्ध काय करणार.

मी गंगाखेडचा
मग लोशन बंदच का? मी तर एक बाटली घेणार होतो. घरात वचन देऊन बसलोय.

सेलूची सून
बंद नाही भाऊ. आधी मलम आणि लोशन दोन्हीसाठी जागा बघतो, लोन लायसन्ससाठी एक युनिट इकडं जवळच आहे असं कळलंय. दुकानदाराला फोन करून सांगितलं की घटक सगळे छापणार आणि ‘फ्री’ काहीच छापणार नाही. तो म्हणला विचार करून सांगतो. बघू. नाही घेतलं तर प्रदर्शनं आहेतच, पण ती आता लायसन्स झाल्यावर.

लेबलवाली ताई, तुमच्या आणि सरांच्या सांगण्यावरून घटकांची ओळ अशी केलीय, जरा तपासा. आमच्या भाषेतलं नाव आधी आणि तांत्रिक नाव पुढं, जागा आहे तेवढी.

घटक: पाणी – अॅक्वा, गुलाबजल – रोझा डॅमासेना फ्लॉवर वॉटर, करडई तेल – कार्थॅमस टिंक्टोरियस सीड ऑइल, इमल्सिफाइंग वॅक्स – सेटिअॅरिल अल्कोहोल, पॉलिसॉर्बेट ६०, ग्लिसरीन, फिनॉक्सिइथेनॉल, इथाइलहेक्झिलग्लिसरीन, कोरफड पावडर – अॅलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस पावडर.

कोरफड सगळ्यात शेवटी गेली बघा. नाव कोरफड लोशन आणि कोरफड शेपटाला. जाऊबाई म्हणतात आता नाव बदला.

लेबलवाली ताई
जाऊबाईंना आमच्या युनिटला पाठवा, गंमत नाही करत. करडई लोशन म्हणा की, तुमच्याकडची वस्तू आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ म्हणून करडईचं वाणच काढलंय. क्रम बरोबर आहे. इमल्सिफाइंग वॅक्स हे मिश्रणाचं नाव आहे, ते मराठीत ठेवा पण त्यातले दोन्ही घटक छापलेत ते योग्य केलं. तुमच्या पुरवठादाराच्या वॅक्समध्ये हेच दोन आहेत ना एवढं कागदावर बघून घ्या, काही जण सेटिअॅरेथ २० घालतात.

औषधवाला नांदेड
गुलाबजल विकतचं ना? कॅनमधलं? मग त्यातही काहीतरी प्रिझर्वेटिव्ह असणारच, नाहीतर ते तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत आंबलं असतं. ते काय आहे आणि किती आहे ते कळल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. आणि नुसत्या पाण्यात गुलाबाचा सेंट घालूनही विकतात, तसं असेल तर रोझा डॅमासेना लिहिताच येणार नाही, परफ्यूम लिहावं लागेल. कॅनवर काय छापलंय?

लेकीची आई, लातूर
हेच विचारायला आले होते.

सेलूची सून
आत्ता जाऊन बघितलं. एका बाजूला गुलाबाचं चित्र, ‘शुद्ध गुलाबजल’, ‘१०० टक्के नैसर्गिक’, आणि खाली वजन. बाकी काहीच नाही. लायसन्स नंबरही नाही.

लेबलवाली ताई
पुरवठादाराकडं बॅचचा अॅनालिसिसचा कागद मागा. नाही म्हणला तर कॅन परत करा.

सेलूची सून
फोन लावलाय, तो म्हणायलाय ‘ताई, गुलाबजलात काय असतंय, गुलाब अन् जल.’ कॅन परत करायलेय.